वाचकांचे प्रश्न : डॉसचा फॉक्सप्रो नव्या संगणकावर

प्रश्न : आमच्या पतसंस्थेची खतावणी डॉसच्या फॉक्सप्रो २.६ या जुन्या डेटाबेस प्रोग्राममध्ये आहे. विंडोज ११च्या नव्या संगणकांवर ती उघडत नाही. दोन टेबलांवरच्या संगणकांवरून एकाच वेळी नोंदी होतात. डॉसबॉक्सवर चालेल का?

उत्तर : विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येते आणि त्यात १६-बिट प्रोग्राम चालवणारा भागच नाही. त्यामुळे ‘कम्पॅटिबिलिटी मोड’मागे वेळ घालवू नका.

डॉसबॉक्स हा एम्युलेटर, म्हणजे नव्या संगणकात जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम. मूळ डॉसबॉक्स खेळांसाठी बनवलेला आहे. प्रोग्राम सुरू होईल, पण त्यात फाइल-लॉकिंग (एकजण लिहीत असताना दुसऱ्याला थांबवणे) नाही आणि प्रिंटरचा पोर्टही नाही. दोघांनी एकच खाते उघडले की एकाची नोंद पुसली जाईल किंवा इंडेक्स (नोंदी शोधण्याची क्रमसूची) बिघडेल. तुमच्यासाठी त्याचीच सुधारित आवृत्ती, डॉसबॉक्स-एक्सच हवी. तिच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘डॉस’ विभागात ‘शेअर’ चालू ठेवा आणि ‘फाइल ॲक्सेस ट्राइज’ ३ करा. मग डेटा मधल्या तात्पुरत्या साठ्यात न ठेवता थेट डिस्कवर वाचला-लिहिला जातो, आणि दोन टेबलांच्या कामात हेच सर्वांत महत्त्वाचे.

सुरू होताना ‘डिव्हाइड बाय झीरो’ आले तर प्रोसेसरचा वेग नडला असे समजा. ‘सायकल्स’ (एम्युलेटरचा वेग) मॅक्सवर न ठेवता २०,०००वर बांधा, मग हळूहळू वाढवा.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर यूएसबीवर असेल तर तो विंडोजमध्ये शेअर करून ‘नेट यूज’ या आज्ञेने एलपीटी१ला (प्रिंटरच्या जुन्या पोर्टाच्या नावाला) जोडा. मग डॉसबॉक्स-एक्सच्या सेटिंगमधल्या ‘पॅरलल१’मध्ये ‘फाइल’ हा प्रकार निवडून त्याला एलपीटी१ द्या. पावती अर्धवट निघत असेल तर त्याच ओळीतला टाइमआउट (थांबण्याचा वेळ) वाढवा.

हे सगळे डेटाच्या प्रतीवर करा. त्याआधी फॉक्सप्रोत डेटाची एकेक फाइल उघडून ‘डिस्प्ले स्टेटस’मधली इंडेक्सची सूत्रे वहीत उतरवून घ्या. सीडीएक्स या इंडेक्सच्या फाइलचा मथळाच (सुरुवातीचा माहितीचा भाग) खराब झाला तर ‘रिइंडेक्स’ चालत नाही. ‘इंडेक्स ऑन’ने नवा बांधावा लागतो, आणि तेव्हा ही सूत्रे नसली तर अडून बसाल.

प्रश्न : सभासदांची नावे जिस्ट कार्डावर मराठीत टाइप केली होती. आता पडद्यावर रेघा-ठोकळे दिसतात. डेटा गेला का?

उत्तर : नाही, नावे जशीच्या तशी आहेत. अक्षरे रंगवण्याचे काम ते कार्ड करायचे आणि एम्युलेटरमध्ये ते नाही. फाइलमध्ये इस्की (भारतीय लिप्यांसाठीचे जुने प्रमाण) संकेत आहेत आणि डॉस तेच आकडे चौकटीच्या चिन्हांत दाखवतो. ‘क’ आणि उभी रेघ दोन्ही १७९, ऱ्हस्व वेलांटी आणि भरीव ठोकळा दोन्ही २१९. म्हणून ‘कि’च्या जागी │█ असे दिसेल. तसेच दिसत असेल तर डेटा नक्की इस्कीच आहे.

‘कॉपी टू… टाइप डिलिमिटेड’ने मजकूर बाहेर काढा. मेमो फील्ड (लांब मजकुराचे रकाने) त्यात येत नाहीत, ती वेगळी काढावी लागतात. मग आयसीयू या मोफत संचातल्या ‘युकॉन्व्ह’ने इस्की, व्हर्जन शून्य (म्हणजे देवनागरी) वरून यूटीएफ-८मध्ये (आजच्या युनिकोडमध्ये) बदला. तोवर ती फाइल एक्सेल किंवा नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह करू नका, संकेत कायमचे बिघडू शकतात.