चॉकलेटच्या कागदात कानातले

राखीपौर्णिमेला ताईला कानातले चॉकलेटच्या वेष्टनात लपवून द्यायची तुझी कल्पना फार गोड आहे. फक्त दागिना चॉकलेटच्या आत खुपसू नकोस. कोणी नकळत चावलं तर दात दुखावेल, लहान मुलानं गिळलं तर जिवावर बेतेल. चॉकलेट काढून घे आणि त्याच्या जागी भेट ठेव.

यासाठी मी सोनेरी कागदातली गोल चॉकलेटं, फेरेरो रोशेच सुचवेन. १६ नगांचा डबा २०० ग्रॅमचा, म्हणजे एक नग साधारण साडेबारा ग्रॅम. कानातले त्याहून हलके असतात आणि हातात घेताच फरक कळतो. म्हणून प्लास्टिकच्या छोट्या पुडीत कानातले ठेव, भोवती टिश्यू पेपर गुंडाळ, वजनाला राजम्याचे दाणे घाल आणि गोल आकार दे. सोनेरी कागद खालून हळूहळू उलगड, वरचा स्टिकर हलवू नकोस. चुण्या बोटाच्या पेरानं सपाट कर, नखानं कागद फाटतो. चिकटवलेल्या वेष्टनाची चॉकलेटं नकोतच, उघडलेली लगेच दिसतात.

डबा फ्रिजमध्ये ठेवू नकोस. श्रावणातल्या दमट हवेत बाहेर काढला की पाणी सुटतं. आणि घरात भाचरं असतील तर कानातल्यांचा नग आधी ताईच्याच हातात दे, मग डबा फिरव.