झाबायोने थोड्याच वेळात पाणी का सोडतं आणि सोबत फळं कोणती घ्यावीत?

तुम्ही लिहिलंय की पिवळे बलक, साखर आणि गोड वाइन फेटून केलेला सॉस स्ट्रॉबेरीवर ओतेपर्यंत छान फुललेला होता, पण दहा मिनिटांत ग्लासात वर फेस आणि तळाशी पिवळसर पाणी झालं. त्याच्या आधीच्या खेपेला भुर्जी झाली होती, म्हणून या वेळी घाबरून लवकर उतरवलात. आणि आता फेब्रुवारीत आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला बारा जणांसाठी करायचाय. उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. लवकर उतरवलात म्हणून तो कच्चा राहिला, आणि कच्चा राहिला म्हणून पाणी सुटलं. भुर्जीची भीती सगळ्यांनाच असते, पण माझ्या पाहण्यात हा पदार्थ जास्त वेळा कच्चेपणानेच बिघडतो.

यजमानांच्या नोकरीमुळे मी सात वर्षं इटलीत, तोरिनोला राहिले. हा पदार्थ तिथल्या पिएमोंते प्रांताचा जीव की प्राण. इटालियनमध्ये झाबायोने किंवा झाबाल्योने, फ्रेंच लोकांचं साबायाँ, आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी त्यांच्या बोलीत म्हणायच्या ‘सांबायून’. तोरिनोत सांगतात की हे नाव सान पास्कुआले बायलोन या संतावरून पडलं. सोळाव्या शतकातला हा स्पॅनिश साधू, १६९० मध्ये त्याला संतपद मिळालं, आणि तिथले आचारी त्याला आपला मानतात. नावाच्या आणखीही व्युत्पत्ती सांगितल्या जातात, पण आजींना ही एकच मान्य होती.

त्यांच्याकडे तांब्याचं गोल बुडाचं, लांब दांड्याचं छोटं भांडं होतं. कोपरा नसल्यामुळे फेटणी सगळीकडे पोचते आणि कुठेही बलक चिकटून शिजत नाही. आपल्याकडे स्टीलचा गोल बुडाचा मोठा वाडगा चालतो. हिंडालियमचं पातेलं मात्र घेऊ नका, वाइनच्या आंबटपणाने आणि फेटणीच्या घासण्याने सॉस करडा पडतो. बिनकल्हईच्या तांब्यापितळेत आपण आंबट शिजवत नाही, तेच इथेही पाळा.

माप अंड्याच्याच कवचाचं. एका बलकाला एक मोठा चमचा साखर आणि अर्धं कवच भरून वाइन, म्हणजे साधारण २० ते २५ मिली. आजी अंडं फोडून बलक वेगळा करायच्या आणि त्याच अर्ध्या कवचाने वाइन मोजायच्या, त्यामुळे अंडं लहान असो की मोठं, प्रमाण आपोआप जमायचं. सहा जणांना सहा बलक, ७५ ग्रॅम साखर, १२० ते १५० मिली वाइन. बलक काढताना त्याला चिकटलेला पांढरा दोरा आणि पांढऱ्याचा अंश नीट काढून टाका. पांढरं बलकाच्या आधी गोठतं, आणि सॉसमध्ये जे बारीक पांढरे तुकडे दिसतात ते बहुतेक वेळा त्याचेच असतात. अंड्याचा हिंवस वास येतो अशी तक्रारही मग कमी होते. लिंबाची किसलेली साल चिमूटभर घातली तर उरलासुरला वासही जातो.

बलकावर साखर घातलीत की लगेच फेटायला घ्या. ‘घालून ठेवते, फोन झाला की बघते’ असं इथे चालत नाही. साखर बलकातलं पाणी ओढून घेते आणि केशरी, कडक कण तयार होतात. ते नंतर किती फेटलं तरी विरघळत नाहीत.

आता गॅसवरचा भाग. पातेल्यात तीन बोटं पाणी, आणि ते खळखळ उकळायला नको, नुसतं हलत राहायला हवं. वाडग्याचं बूड पाण्याला लागता कामा नये, खालून फक्त वाफ. बलक-साखर फिकट होईपर्यंत फेटून झाली की वाइन घाला, वाडगा पातेल्यावर ठेवा आणि हात थांबवू नका.

पहिली दोन मिनिटं आवाज पाण्यासारखा येतो, वर साबणासारखे मोठे बुडबुडे असतात. चौथ्या मिनिटाच्या आसपास बुडबुडे बारीक होतात, रंग हळदीवरून लोण्याकडे जातो आणि मिश्रण फुगून तिपटीच्या जवळ येतं. इथे सगळे खूश होतात आणि उतरवतात. तुम्हीही इथेच उतरवला असणार. पण या घडीला सॉस फुगलाय, शिजलेला नाही. बुडबुडे आहेत, त्यांच्या भिंती अजून ओल्या आहेत.

असं होतं कारण नुसत्या बलकात पाणी फार कमी असतं, म्हणून तो एकटा नीट फेसाळत नाही. वाइन ते पाणी पुरवते. बलकातली प्रथिनं गुंडाळलेली असतात, ती उष्णतेने आणि अल्कोहोलने सैल होतात, उलगडतात आणि बुडबुड्यांभोवती एकमेकांना धरतात. ही पकड बसायला पुरेशी उष्णता लागते. नुसता बलक साधारण ६५ अंश सेल्सिअसला दाटायला लागतो, पण इथे साखर आणि वाइन मिसळलेली असल्यामुळे आणखी वर जावं लागतं. मी ७५ ते ८० अंशांच्या दरम्यान थांबते. ८५ च्या पुढे गेलं की भुर्जी. तुमच्याकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर पहिल्या दोन-तीन वेळा जरूर वापरा, नंतर लागत नाही. घरात वयस्कर माणसं खाणार आहेत, तर ७१ अंश ओलांडणं जंतूंच्या दृष्टीनेही चांगलंच.

थर्मामीटर नसेल तर कानाने आणि डोळ्यांनी ओळखा. फुगल्यानंतर अजून तीन-चार मिनिटं फेटत राहिलात की आवाज जड होतो, जवळजवळ बंदच होतो. पृष्ठभागावरून पहिल्यांदा वाफ निघताना दिसते. फेस किंचित खाली बसतो (घाबरू नका, बसायलाच हवा) आणि चकाकी येते. फेटणी ओढली की मागे वाडग्याचं बूड क्षणभर दिसतं. फेटणी उचलून धार सोडली तर ती वरच पडून राहते, मनात तीन आकडे मोजेपर्यंत बुडत नाही. हे सगळं दिसलं की उतरवा, आणि उतरवल्यावरही अर्धा मिनिट फेटा, कारण वाडगा तापलेला असतो. मध्येच कडेला गोठल्यासारखं वाटलं तर वाडगा सरळ उचलून धरा, फेटत राहा, पुन्हा ठेवा. आजी दर मिनिटाला असं उचलायच्या. त्यांच्या हाताला ती सवयच होती. अशा शिजलेल्या झाबायोनेला पंधरा-वीस मिनिटं काही होत नाही.

वाइनचं बघू. पारंपरिक आहे ती मार्साला, सिसिलीच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्याच नावाच्या बंदराची. तिच्यात वरून अल्कोहोल मिसळलेलं असतं, १७-१८ टक्क्यांपर्यंत. १७७३ मध्ये जॉन वुडहाउस नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने ती तिकडून पाठवायला सुरुवात केली आणि ती जगभर पोचली. पिएमोंतेत मात्र पुष्कळ घरी मोस्कातो दास्ती घालतात, गोड, हलकी फसफसणारी, जेमतेम ५ टक्क्यांची. फळांसोबत मला तीच जास्त आवडते, मार्सालाचा भाजक्या सुक्यामेव्यासारखा स्वाद स्ट्रॉबेरीला दाबून टाकतो. तुम्ही नाशिकच्या आहात तर मार्साला शोधत फिरू नका. तिकडची उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड पांढरी वाइन, लेट हार्वेस्ट शेनँ ब्लाँ, इथे फार छान जमते. कोरडी पांढरी असेल तर साखर थोडी वाढवा. गोव्याची लाल पोर्ट मी एकदा घालून पाहिली. चव बरी होती, पण बलकाशी मिळून रंग मातकट जांभळा आला, आणि हा पदार्थ निम्मा डोळ्यांनी खायचा असतो.

तुम्ही विचारलंय की शिजवल्यावर अल्कोहोल उडून जातं का. सगळं जात नाही. मुलांना किंवा न घेणाऱ्यांना तसं सांगून वाढू नका. त्यांच्यासाठी सफरचंदाचा रस आटवून निम्मा करा, गार करा, त्यात थोडं लिंबू पिळा आणि तोच वाइनच्या जागी घाला. आंबटपणा हवाच, नाहीतर नुसतं गोडमिट्ट होतं. तिथल्या मुलांना पूर्वी आज्या सकाळी बलक-साखर फेटून, वर गरम दूध घालून द्यायच्या, म्हणजे वाइनशिवायही ही गोष्ट त्यांच्या घरात होतीच.

आता फळं. पाण्याचं दुसरं कारण इथे आहे. स्ट्रॉबेरी धुऊन तशीच ग्लासात टाकली की तिच्या अंगचं पाणी तळाशी जातं, आणि साखर भुरभुरली असेल तर ती आणखी रस ओढते. देठासकट धुवा, कापडावर पूर्ण कोरडी करा, मग देठ काढा. साखर लावायचीच असेल तर वीस मिनिटं आधी लावून चाळणीत निथळू द्या. तो गुलाबी रस फेकू नका, सॉसवर शेवटी चमचाभर सोडा. फळ फ्रिजमधून काढलेलं थंडगार नको.

फळात थोडा आंबटपणा किंवा थोडा तुरटपणा हवा, कारण सॉस दाट आणि गोड आहे. फेब्रुवारीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आहेच. नागपुरी संत्र्याच्या फोडी पातळ साल काढून, बिया काढून मिसळल्या तर फारच सुंदर. ताजं अंजीर मिळालं तर चार भाग करून घ्या. हापूस मात्र नको. लोक मला नेहमी विचारतात, म्हणून ठामपणे सांगते: हापूस स्वतःच दाट आणि गोड आहे, त्याच्यावर झाबायोने म्हणजे दोघांचाही अपमान. चिकूचंही तेच. न शिजवलेलं अननस, पपई आणि किवी यांतली पाचक द्रव्यं प्रथिनं तोडतात, त्यामुळे सॉस सैल पडतो. लगेच खाणार असाल तर फरक पडणार नाही, पण गार करून ठेवायच्या प्रकारात ती घालूच नका.

मला सगळ्यात आवडतात त्या वाइनमध्ये शिजवलेल्या नासपती. पिएमोंतेत मार्तिन सेक नावाची लहान, कडक, तांबूस सालीची हिवाळी नासपती असते. कच्ची खाववत नाही. ती सालीसकट, देठ ठेवून, लाल वाइन, साखर, दालचिनी आणि लवंगेत मंद आचेवर शिजवतात. बाहेरून वाइनच्या रंगाची, आतून मऊ झालेली ती नासपती उभी ठेवायची आणि भोवती पिवळाधमक सॉस ओतायचा. बाजूला मक्याच्या पिठाची रवाळ बिस्किटं, पास्ते दी मेलिगा. आपल्या बाजारातल्या कडक नासपतीही अशा चालतात, फक्त साल काढावी लागते.

दुसरा देखणा प्रकार फ्रेंच. पसरट, ओव्हनमध्ये चालणाऱ्या ताटलीत फळं एका थरात मांडायची, वरून सॉस ओतायचा आणि ओव्हनची वरची कॉइल दहा मिनिटं आधी लालबुंद करून तिच्याखाली एक-दोन मिनिटं धरायचं. वर तपकिरी ठिपके आले की लगेच बाहेर. इथेही सॉस नीट शिजलेला हवा, नाहीतर उष्णतेने तो तिथेच वितळतो.

बारा जणांसाठी एकाच वाडग्यात बारा बलक घेऊ नका, हात थकतो आणि मधला भाग तापतच नाही. दोन घाणे करा, सहा-सहाचे. फळं जेवणाच्या आधीच ग्लासांत भरून ठेवा, बलक आणि साखर वेगवेगळी मोजून ठेवा, आणि सगळे जेवून हात धुऊन पुन्हा बसले की मगच गॅस लावा. ही चूक मी तोरिनोत पहिल्यांदा केली होती. पाहुणे यायच्या आधीच सॉस करून ठेवला आणि जेवण होईपर्यंत त्याचं सरबत झालं. दुसऱ्या दिवशी आजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, माणसं सांबायूनची वाट बघतात, सांबायून माणसांची नाही.

त्या वेळी उभं राहून फेटणं नकोच असेल, तर गार प्रकार करा. शिजलेला सॉस लगेच बर्फाच्या पाण्यावर ठेवून पूर्ण गार होईपर्यंत फेटा आणि सहा बलकांना १५० मिली फेटलेलं क्रीम हलक्या हाताने मिसळा. साधं २५ टक्के स्निग्धांशाचं क्रीम फेटलं जात नाही, ३५ च्या आसपासचं घ्या. दुपारी करून ठेवलंत तर रात्रीपर्यंत फ्रिजमध्ये राहतं. चवीला गरम प्रकाराची सर नाही, पण बारा जणांच्या गडबडीत मीही कधीकधी हाच करते.

बारा पांढरे उरतील. ते झाकून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस चांगले राहतात. तिथे त्यांत भाजलेले हेझलनट आणि साखर घालून ओबडधोबड बिस्किटं भाजतात, ब्रुत्ती मा ब्वोनी, म्हणजे दिसायला कुरूप पण चांगली. इथे मी काजू घालते. नासपतीचा प्रकार केलात तर ती आदल्या दिवशीच शिजवून वाइनमध्येच बुडवून ठेवा, रंग आतपर्यंत जातो.