आकडा लिही

तुझा मेसेज काल रात्री पावणेबाराला आला. वाचला लगेच, पण उत्तर दिलं नाही. रात्री दिलं असतं तर चार ओळींत चिडून दिलं असतं. आता सकाळी निवांत बसून लिहितेय. चिडणार नाही असं मात्र कबूल केलेलं नाही.

तू विचारलंस, "ताई, 'संपर्क साधा'चं बटण निळं ठेवू की केशरी?" आणि त्याच्याखाली, जणू जाता जाता सांगावं तसं, खरं दुखणं लिहिलंस. महिन्याभरात साइटवरून एकोणीस जणांनी विचारणा केली. सतरा जणांनी 'रेट काय?' एवढंच विचारलं आणि रेट ऐकून गप्प झाले. उरलेल्या दोघांची कामं तू अशा पैशांत घेतलीस की आता फाइल उघडताना स्वतःचाच राग येतो. आणि शेवटची ओळ, 'बहुतेक माझं कामच तेवढं चांगलं नसेल.'

ती शेवटची ओळ आधी खोड. तू डिझाइन केलेला तो साबणाचा खोका मी दोनदा मोठा करून पाहिला होता. कडेच्या घडीवर येणारं अक्षर तू कसं वाचवलंस, ते बघायचं होतं मला. कामाचा प्रश्न तिथेच मिटला. बटणाचाही मिटला, कुठलाही रंग ठेव. आता ऐक.

साइटवर आकडा लिही.

तुझं काम किमान कितीपासून सुरू होतं, तो आकडा. पहिल्या पानावर, अंगठ्याने दोनदा सरकवलं की दिसेल इतक्या वर. 'वाजवी दर' नको, 'आपल्या बजेटनुसार' तर मुळीच नको. अंकात लिहिलेली रक्कम हवी.

तू काय म्हणणार ते मला पाठ आहे, कारण मी स्वतः नऊ वर्षं तेच म्हणत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. अरे, पण ती म्हण मूठवाल्याच्या समाधानासाठी आहे! समोरचा माणूस झाकलेली मूठ रिकामीच धरून चालतो. आणि ज्याच्याकडे खरंच पैसे आहेत त्याच्याकडे वेळ नसतो. त्याला लेबल छापायला टाकायचंय, तारीख ठरलीय, त्याने तीन जणांच्या साइट उघडल्यात. तुझ्याकडे आकडा नाही म्हटल्यावर तो फोन करून चौकशी करत बसत नाही, पुढच्या साइटवर जातो. फोन कोण करतं? ज्याला घासाघीस करायला वेळ आहे तो. तुझे सतरा जण तेच होते. तूच त्यांना निवडलंस, आकडा न लिहून.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल लिहिलं होतं, त्यासाठी पुढे २००१ मध्ये त्याला नोबेलही मिळालं. गाडी चांगली आहे की खटारा, हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून घेणारा प्रत्येकाला मधलाच भाव सांगतो. चांगल्या गाडीवाल्याला तो परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. उरतात खटारे, आणि भाव आणखी पडतो. आता तुझ्या साइटची पहिली ओळ वाच: 'सर्जनशील, दर्जेदार आणि किफायतशीर डिझाइन सेवा.' या ओळीवरून तू आणि कालपरवा सॉफ्टवेअर शिकलेला मुलगा, यांत फरक कसा करायचा त्या माणसाने? तो मधला भाव सांगतो, आणि तू तो घेतोस.

'किफायतशीर' हा शब्द आजच्या आज काढ. तो वाचून स्वस्त शोधणारेच येणार, आणि मग तूच म्हणणार की बाजार वाईट आहे.

आता, नुसता आकडा कोणीही लिहील हे मलाही कळतं. आकड्याच्या शेजारी पुरावा लागतो, आणि तुझं 'आमचं काम' हे पान पुरावा नाही. चोवीस सुंदर चित्रं आहेत, एकाखालीही ओळ नाही. ज्याला चूक महाग पडते तोच चांगले पैसे देतो. त्याला चित्र बघायचं नसतं. आपली चूक हा माणूस छपाईच्या आधी पकडेल का, एवढंच बघायचं असतं.

माझ्या साइटवरचं सगळ्यांत जास्त वाचलं जाणारं पान माझ्या चुकीचं आहे. तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगायची लाज वाटायची. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली गोष्ट. एका सौंदर्यप्रसाधनांच्या क्लायंटचा रंग लाल होता. पांढऱ्या लेबलवर काळा बारकोड डोळ्याला खुपत होता, म्हणून मी तोही लाल केला. दिसायला फार गोड दिसलं. सगळ्यांनी मान डोलावली, प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावर, सही झाली, चाळीस हजार लेबलं छापून बाटल्यांवर चिकटली. दुकानात बाटली मशीनसमोर धरली की मशीन गप्प. पुन्हा धरली, पुन्हा गप्प. काउंटरवरचा मुलगा तेरा आकडे हाताने टाइप करतोय आणि मागे रांग वाढतेय. कारण साधं आहे. बहुतेक स्कॅनर लाल प्रकाश टाकतात, लाल प्रकाशात लाल रेघ आणि पांढरा कागद सारखेच उजळ दिसतात. मशीनच्या दृष्टीने तिथे रेघाच नव्हत्या. काळ्या रेघा लाल कागदावर छापल्या असत्या तरी चाललं असतं! प्रत्येक बाटलीवर काळ्या बारकोडचा स्टिकर लावावा लागला. स्टिकर आणि मजुरी दोन्ही मी भरलं. वर्षाची कमाई त्यात गेली म्हणालीस तरी चालेल.

बघ, 'म्हणालीस' लिहून गेले. हे सगळं त्या काळात मी एका मुलीला सांगायचे, तिच्याबद्दल पुढे लिहिते.

ती गोष्ट मी कितीतरी वर्षं लपवली. मग एका कंटाळवाण्या दुपारी जशीच्या तशी लिहून काढली. लेबलचा फोटो, किती छापली, काय बिघडलं, किती भरलं, आणि तेव्हापासून फाइल छपाईला जाण्याआधी मी काय काय तपासते. अगदी बारकोडच्या दोन्ही बाजूंची पांढरी जागा पुरेशी सोडली आहे ना, इथपर्यंत. शेवटी माझा किमान आकडा. त्या पानावरून येणारी माणसं रेट विचारत नाहीत, तो त्यांनी वाचलेला असतो. ती विचारतात, "आमची फाइल उद्या बघाल का?" त्यांना कधीतरी असंच काहीतरी महागात पडलेलं असतं.

तुझ्या साबणाच्या खोक्यावर असंच पान लिही. घडीवरचं अक्षर कसं सुटत होतं, तसंच छापलं असतं तर काय झालं असतं, तू डायलाइनमध्ये (खोका कुठे कापायचा, कुठे दुमडायचा त्या आराखड्यात) काय हलवलंस. आधीचं आणि नंतरचं, दोन्ही फोटो. अशी तीन पानं पुरेत, बाकीची एकवीस चित्रं काढून टाक. आणि प्रत्येक पानाच्या शेवटी तोच आकडा.

'पण ताई, प्रत्येक काम वेगळं असतं.' असतं ना. म्हणून 'इतक्यापासून पुढे' लिहायचं आणि तो कशाने वाढतो तेही लिहायचं. मापं जास्त, भाषा जास्त, छपाईला उभं राहायचं असेल तर वेगळे. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरलेल्या, तिसरीपासून पैसे. अर्धी रक्कम आधी. 'पण इतर डिझायनर बघतील.' बघू देत. ते आत्ताही क्लायंट असल्याचं सांगून फोन करतातच की, त्या एकोणीसमध्ये दोन-तीन तरी तेच असतील.

आकडा कसा ठरवायचा? शेवटी संपवलेलं काम घे. फोनवरचा वेळ, 'एवढा एकच छोटा बदल'चा वेळ, पैशांसाठी आठवण करण्याचा वेळ, सगळे तास मोज. त्या हिशोबाने जे मिळालं ते बघून आधी थोडा रड. मग असा आकडा काढ की त्याला काम मिळालं तर तू खुशीत कामाला बसशील आणि नाही मिळालं तर झोप उडणार नाही. यापेक्षा शास्त्रशुद्ध पद्धत मला सापडलेली नाही.

आता ती मुलगी. माझ्याकडे सहा वर्षं होती. हात असा की मी काढलेली रेघ ती न सांगता दुरुस्त करायची. तेव्हा माझ्या साइटवरही 'संपर्क साधा' होतं. फोन यायचा, पलीकडच्या आवाजात वजन वाटलं की मी आकडा वाढवायचे, आवाज आपल्यातला वाटला की उतरवायचे. आणि आकडा सांगून झाला की पलीकडचा श्वास घ्यायच्या आत मीच म्हणायचे, "पण बघू, करू काहीतरी अ‍ॅडजस्ट." एकदा मी फोन ठेवला तर ती मान वर न करता म्हणाली, "त्यांनी कुठे कमी करा म्हटलं होतं?" मला राग आला होता. दोन महिन्यांनी ती गेली, दुसरीकडे दुप्पट मिळत होतं. मी वाढ देऊ शकत नव्हते. घासाघीस मी माझ्याशीच करत होते, आणि कापला जात होता तिचा पगार. मी त्याला इतकी वर्षं नम्रपणा समजत होते. तिला अजून फोन केलेला नाही.

म्हणून सांगते, आकडा लिही. लिहिलेला आकडा आवाज ऐकून बदलत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय आपल्याला लहानपणापासून असते, ती मनातून काढणं मला जमलं नाही. साइटवरून काढणं जमलं.

फुकटात काही झालं नाही, तेही सांगते. पहिले चार महिने विचारणा निम्म्याच्याही खाली आल्या. मी दोनदा आकडा काढला आणि दोनदा परत टाकला. म्हणून जुन्या क्लायंटना एकदम सोडू नकोस, त्यांची कामं जुन्या दराने चालू ठेव आणि आकडा फक्त नव्यांना दाखव. एक छोटी संस्था तो आकडा बघून आलीच नाही, नंतर दुसऱ्याकडून कळलं. त्यांचं काम मी फुकटही केलं असतं. लोक मला हे ऐकवतात. मी अजूनही म्हणते मी बरोबर होते. त्यांनी एक ओळ लिहायला हवी होती. (किंवा मी साइटवर तशी एक ओळ लिहायला हवी होती. बरं, तू लिही.)

आमच्या घरात या विषयावर जेम्स व्हिस्लरचं नाव निघतं. १८७७ साली या चित्रकाराने लंडनला रात्रीच्या आतषबाजीचं चित्र प्रदर्शनात लावलं, किंमत २०० गिनी, म्हणजे तेव्हाच्या दोनशे पौंडांहून थोडे जास्तच. जॉन रस्किन या बड्या समीक्षकाने त्यावर झोड उठवली, रंगाचं भांडं लोकांच्या तोंडावर फेकण्याचे एवढे पैसे मागतो म्हणून. व्हिस्लर कोर्टात गेला. १८७८ मध्ये वकिलाने विचारलं, दोन दिवसांच्या कामाचे २०० गिनी? तो म्हणाला, नाही, आयुष्यभर जे शिकलो त्याचे. हे मी लोकांना ऐकवते, आणि मग नवरा पुढचं ऐकवतो. व्हिस्लर खटला जिंकला, भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा, आणि पुढच्या वर्षी त्याचं दिवाळं निघालं. माझं उत्तर ठरलेलं आहे: दिवाळं कर्जामुळे आणि कोर्टाच्या खर्चामुळे निघालं, आकड्यामुळे नाही. तू कोर्टात जाऊ नकोस.

बाकीचं भराभर. पहिल्या पानावरचा तो आपोआप सुरू होणारा व्हिडिओ काढ. पानावरचा मुख्य मजकूर किंवा चित्र २.५ सेकंदांत दिसावं असं गूगल सांगतं. मी तुझी साइट फोनवर उघडली, खाली ठेवून चष्मा पुसला, तरी चक्र फिरतच होतं. फॉर्ममध्ये अकरा रकाने आहेत, त्यांचे चार कर: काय हवंय, कधी हवंय, निर्णय कोण घेणार, बजेट किती. बजेटच्या यादीतला पहिला पर्याय तुझ्या किमान आकड्यापासूनच सुरू व्हावा. 'निर्णय कोण घेणार' ही जागा विसरू नकोस. मी तीन तीन महिने अशा माणसांशी बोललेय ज्यांना शेवटी "साहेबांना विचारतो" म्हणायचं होतं.

ती दोन कामं घेतली आहेस तर नीट पूर्ण कर, राग त्या लोकांवर काढू नकोस. पण 'पुढे खूप काम देऊ' म्हणाले तर मान डोलावून साइटची लिंक पाठव. आकडा असलेली.

शुक्रवारपर्यंत टाक आणि मला दाखव. लिहिताना हात थांबला तर फोन कर, पण आकडा कमी करू का हे विचारायला करू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. 'किफायतशीर' अगदी तळाच्या पट्टीतही आहे, कॉपीराइटच्या शेजारी. तिथूनही काढ.