आधी ती वही मिट

प्रिय मुख्याध्यापक,
(हो, या हाकेची आता सवय कर.)

तुझं पत्र वाचलं. दोन पाठ-निरीक्षणं केलीस, दोन्ही शिक्षक फळ्यासमोर अडखळले, म्हणून त्यांची तयारी कच्ची असं तू ठरवून टाकलंस. पण मागच्या बाकावर वही उघडून कोण बसलं होतं?

माणूस धास्तावला की मेंदूतला अमिग्डाला धोक्याची घंटा वाजवतो आणि विचार, नियोजन, संयम सांभाळणाऱ्या कपाळामागच्या भागाची पकड ढिली पडते. त्यात मनाच्या पाटीवर एका वेळी मावतात जेमतेम तीन-चार गोष्टी. त्यातली एक जागा ‘वहीत काय लिहिलं जातंय’ यानं अडवली, की शिकवायला उरतं काय? मुलांच्या बाबतीत हे आपल्याला पटतं. शिक्षकांचा मेंदू मात्र वेगळ्या मातीचा असतो असं आपण का धरून चालतो, कोण जाणे.

मी हे उशिरा शिकले. भर शिक्षकसभेत एका सहकाऱ्याला निकालावरून झापलं होतं. माझा एकही मुद्दा चूक नव्हता. पुढे वर्षभर त्या सभेत कुणी अडचणच मांडली नाही. सगळं ‘छान चाललंय’! शाळेत काय बिघडलंय हे मला सगळ्यांत शेवटी कळायचं.

सॅलोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची मांडणी केली, तिची सुरुवात स्वतःच्या आणि इतरांच्या भावना ओळखण्यापासून होते. गोड बोलण्याशी तिचा फारसा संबंध नाही. वर्गात शिरण्यापूर्वी मनाशी नुसतं म्हण, ‘मी चिडलेय’ किंवा ‘चिडलोय’. भावनेला नाव दिलं की अमिग्डालाची खळबळ कमी होते, हे मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं आहे.

माणसांची ‘डाव्या मेंदूची’ आणि ‘उजव्या मेंदूची’ अशी वाटणी करणाऱ्या कार्यशाळांवर मात्र पैसा घालवू नकोस. त्यापेक्षा आठवून पाहण्याची सवय लाव. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात, उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिला होता. शिक्षकसभाही तशीच सुरू कर: इतिवृत्त न वाचता मागच्या वेळी काय ठरलं ते सगळ्यांना आठवू दे. पहिल्यांदा फजिती होईल, तुझीसुद्धा.

आणि त्या दोघांना उद्याच भेट. केबिनमध्ये बोलावू नकोस, तूच त्यांच्याकडे जा. ‘तुम्हाला तो तास कसा वाटला?’ एवढं विचार आणि गप्प बस.

तुझी,
बाई