मांडीवरची ती मोकळी जागा

अगं पोरी, तुझा मेल काल रात्री तीनदा वाचला. तू रंगवायला घेतलेल्या त्या कुटुंबाच्या चित्रात बाप, आई, दोन्ही मुली झाल्या, मागचा बंगला आणि हिरवळ झाली, आणि थोरला मुलगा बापाशी भांडून घर सोडून गेला, तो आता सिटिंगला, म्हणजे तुझ्यासमोर बसायला, येणार नाही, आणि त्या घरातल्या बाई म्हणतायत की त्याच्या पदवीदानाचा फोटो देते, त्यावरून घाल आणि उरलेले पैसे घेऊन जा. आणि तू मला विचारतेस, "सर, घालू का?" हे विचारावं लागलं याचंच मला वाईट वाटलं. तीन वर्षं त्या खोलीत आपण दुसरं काय बोललो? जे पाहिलं नाही ते भरायचं नाही.

तू लंडनमध्येच आहेस, नॅशनल गॅलरीत जायला पैसे पडत नाहीत, अठराव्या शतकातल्या गेन्सबरो या इंग्रज चित्रकाराचं मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज तू पाहिलंच असशील, पण त्यातल्या बाईची मांडी पाहिलीस का? चित्र १७५० च्या आसपासचं, गेन्सबरो जेमतेम तेविशीचा. त्या अँड्र्यूज जोडप्याचं, रॉबर्ट आणि फ्रान्सिसचं, लग्न १७४८ च्या नोव्हेंबरात सडबरीला झालं, म्हणजे गेन्सबरोच्याच गावात. सडबरीजवळची ऑबरीज ही त्यांची इस्टेट, पण चित्रात घर नाहीच. डावीकडे ओकच्या झाडाखाली ती दोघं, त्याच्या काखेत बंदूक, पायाशी कुत्रा, तिचा फिकट निळा घेरदार झगा, आणि उजवीकडचा सगळा कॅनव्हास नुसती जमीन: गव्हाच्या पेंढ्या, धसकटांच्या सरळ ओळी (आपल्या पाभरीसारखं पेरणीयंत्र तेव्हा तिकडे नवीन होतं, त्याच्या या ओळी), लांब कुंपणात मेंढरं, वर भरून आलेलं आभाळ. एवढं सगळं जीव लावून रंगवलंय आणि तिच्या मांडीवर, अगदी नजर जाते तिथे, रंगच नाही. कॅनव्हासचं तपकिरी अस्तर तसंच उघडं.

तिथे काय यायचं होतं यावर लोक वाद घालतात. कुणी म्हणतं नवऱ्याने मारलेला फेझंट पक्षी, कुणी म्हणतं पुढे होणाऱ्या बाळासाठी जागा ठेवली, कुणी म्हणतं पुस्तक. का राहिलं हे त्याने लिहून ठेवलेलं नाही. मी यातलं एकही निवडत नाही आणि तूही निवडू नकोस, कारण निवडलं की आपण मनातल्या मनात ती जागा भरतो.

आता तू लगेच म्हणशील, सर, त्याने कपडे तर बाहुल्यांवरून रंगवले असं म्हणतात. हो, लाकडी पुतळ्यांना कपडे घालून ते समोर ठेवून रंगवले असावेत, म्हणून तर ती दोघं जरा बाहुल्यांसारखी ताठ दिसतात. पण बाहुली का होईना, समोर होती ना! तिच्यावर उजेड पडत होता, कापड चुरगळत होतं. तुझ्याकडे काय आहे? चित्रात तुझं सप्टेंबरचं तिरपं ऊन आणि फोटोत कुठल्यातरी हॉलचा फ्लॅश, आणि त्यात तो पोरगा कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. या घरात बापाच्या शेजारी तो कसा उभा राहिला असता, खांदे कुठे असते त्याचे? माहितीये तुला? नाही ना. मग भरायचं नाही.

तुला हे कधी सांगितलं नव्हतं. १९८७ ला मी सांगलीकडच्या एका वाड्यात अकरा माणसांचं चित्र घेतलं होतं. मधोमध आजी. चेहरा झाला, हात राहिले, आणि आजी गेल्या. मी हात सवयीने काढले, मांडीवर एकावर एक ठेवलेले, छान गोलसर. पैसे पूर्ण मिळाले, चित्र सोप्यात लागलं, सगळे खूश. पाच-सहा वर्षांनी गेलो तर त्यांची नात, दहा वर्षांची असेल, चित्राखाली उभी राहून म्हणाली, "हे आजीचे हात नाहीत, तिचं बोट वाकडं होतं." मी त्या म्हातारीसमोर वीस दिवस बसलो होतो गं. बोट पाहिलंच नव्हतं, कारण हात नंतर करू म्हणून ठेवले होते.

त्यानंतर मी कित्येक कामं अर्धी परत दिली, ॲडव्हान्ससकट. लोक हेकट म्हणाले, घर बायकोच्या पगारावर चाललं, आणि ती कधी बोलली नाही पण मला कळत होतं. तरी माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. तिच्या बाबतीत चुकलं असेल, चित्राच्या बाबतीत नाही.

आणि "अर्धं चित्र कोण लावणार घरात" हे तुझं वाक्य मला पटलेलं नाही. अँड्र्यूज घराण्याने लावलंच ना! १९६० ला नॅशनल गॅलरीने घेईपर्यंत ते त्यांच्याच वंशात होतं. दोनशे वर्षं, आणि एवढ्या पिढ्यांत कुणीही दुसऱ्या पेंटरला बोलावून ती मांडी भरून घेतली नाही.

तू त्या बाईंशी बोल, मेल नको, जाऊन भेट. मुलाची जागा तशीच ठेवून देते म्हणावं, पैसे चार जणांचेच घेईन म्हणावं. त्या रडतील कदाचित, बसून राहा तिथे, घाई करू नकोस. त्यांनी नाहीच म्हटलं तर ॲडव्हान्स परत कर, कमी पडले तर मला सांग, मी पाठवतो. आणि वार्निश लावताना तेवढी जागा सोड. उद्या तो पोरगा आला तर रंग नीट धरला पाहिजे.