मुलगा दिवाळीला तिला घरी आणतोय, आणि साजही मागतोय

प्रश्न : आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले. मालकांच्या माघारी सासूबाई, मी आणि धाकटी लेक अशा तिघीच घरात. थोरला पुण्यात नोकरीला. या दिवाळीत तो त्याच्या ऑफिसातल्या, नागपूरकडच्या मुलीला चार दिवस घरी आणतोय. लग्न करायचं म्हणतो. आमच्या जातीची नाही, पण ते एक बाजूला ठेवू. लेक तिला पुण्यात एकदा भेटलीय, म्हणाली जरा शिष्ट वाटते. फोनवर 'हो काकू', 'नको काकू' एवढंच. वर निरोप काय, तर मी अनारसे करून आणते. आमच्याकडं फराळाला काय तोटा आहे का? त्यात सासूबाईंनी माझ्या गळ्यात घातलेला कोल्हापुरी साज मुलानं तिच्यासाठी मागितलाय. परवा लेकीनं 'द फॅमिली स्टोन' हा इंग्रजी सिनेमा दाखवला आणि म्हणाली, "आई, ह्यातली आई म्हणजे तूच." रात्रभर डोळा लागला नाही. पण शेवटी त्या मुलाचं त्या मुलीशी जमत नाहीच की. म्हणजे आईचंच बरोबर निघालं ना? मी काय करू?

ताई, आईचं बरोबर निघालं का, हे आधी बघू. तुमचा सगळा जीव त्या प्रश्नात अडकलाय.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २००५ सालचा हा सिनेमा. नाताळच्या सणाला एव्हरेट नावाचा मुलगा आपल्या मैत्रिणीला, मेरेडिथला, घरी आणतो. आई सिबिल, म्हणजे डायन कीटन. तिनं घराण्यातली अंगठी त्याच्या होणाऱ्या बायकोसाठी कबूल केलेली असते. आता मात्र ती द्यायला नकार देते. शेवटी एव्हरेटचं मन मेरेडिथच्या बहिणीवर बसतं आणि मेरेडिथचं सूत त्याच्या भावाशी, बेनशी, जुळतं.

म्हणजे ती मुलगी त्या घराला नको होती, असा अर्थ तुम्ही काढलात. पण पुढच्या वर्षीच्या नाताळला मेरेडिथ त्याच घरात आहे, घरची होऊन. जोडी जमत नाही हे सिबिलनं हेरलं, हे मी मान्य करते. मुलगी मात्र तिला ओळखता आली नाही. आणि जोडी चुकलीय हे त्या दोघांना कळलं ते काही आईच्या फटकून वागण्यानं नाही. त्या वागण्यानं झालं एवढंच, की ती पोरगी ऐन सणात घर सोडून हॉटेलात राहायला गेली. शिवाय सिनेमाला दोन तासांत जोड्या बदलता येतात. तुमच्या मुलानं विचार करून निवड केलीय असं धरून चाला.

तुमच्या लेकीनं तुम्हाला त्या आईच्या जागी बसवलं. मला वाटतं, तिनं स्वतःलाही त्या सिनेमात शोधायला हवं होतं. मेरेडिथ उंबऱ्यावर येण्याआधीच धाकटी बहीण एमी तिच्याविषयी घरात सांगून बसलेली असते. त्या मुलीला घसा खाकरायची सवय आहे, तर एमी तिची नक्कल करते. मग सगळं घर मेरेडिथकडं त्याच नजरेनं बघतं. तुमच्याकडंही एका भेटीवरून 'शिष्ट' हा शब्द घरात आलाय आणि तुम्ही तो फोनवरच्या प्रत्येक 'हो काकू'ला चिकटवताय. होणाऱ्या सासूशी बोलताना नवखी मुलगी आणखी काय बोलणार? जरा जास्त बोलली असती तर तुम्हीच आगाऊ म्हणाला असता.

आपल्या कोल्हापुरात बोलणं मोठ्या आवाजातलं, रांगडं. "काय गं, जेवलीस का न्हाई?" हे आपण मायेनंच विचारतो, पण सवय नसलेल्या माणसाला ते दरडावल्यासारखं लागतं. घाबरलेलं माणूस मग एक तर गप्प बसतं, नाहीतर भलतंच बोलून जातं. जेवणाच्या टेबलावर मेरेडिथचं तेच होतं. एक वाक्य चुकतं, ते सावरायला जाते आणि आणखी खोलात रुतते. तो प्रसंग बघताना मला फार वाईट वाटलं होतं. तुमच्या घरी अशी वेळ आली, तर ताटात काहीतरी वाढा आणि विषय बदला.

आता अनारसे. ताई, इथं मी तुमच्याशी भांडणार आहे. अनारसे काय असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाळवून दळायचे, गुळात कालवून पीठ मुरत ठेवायचं. एवढं करून तुपात सोडले की हसणार नाहीत, म्हणजे फुटून विरघळणार नाहीत, याची खात्री नाही. जिला फक्त मिरवायचं असतं ती मुलगी मिठाईचा पुडा आणते. हिनं फराळातला सगळ्यात अवघड जिन्नस तुमच्यासाठी निवडला, त्यात तुम्हाला कमीपणा कुठं दिसला? सिनेमातही मेरेडिथ आपल्या माहेरचा खास पदार्थ नाताळच्या सकाळसाठी तयार करते आणि धक्काबुक्कीत तो स्वयंपाकघराच्या फरशीवर सांडतो. तुम्ही तुमच्या ताटात तिच्या अनारशाला जागा करा. हसले असले तरी करा.

जातीचं तुम्ही 'एक बाजूला ठेवू' म्हणालात. ते तसं राहत नाही. 'शिष्ट' आणि 'आमच्याकडं काय तोटा' यांच्या आडून ते पुन्हा पुढं येतं, म्हणून सरळच विचारते : हीच मुलगी, असंच बोलणारी, तुमच्या जातीतली असती, तर तुम्ही मला पत्र लिहिलं असतं का? उत्तर मला कळवू नका, स्वतःला द्या. १९१९ साली शाहू महाराजांनी याच संस्थानात आंतरजातीय लग्नाला कायद्यानं मान्यता दिली. त्या गावात आपण राहतो. भाऊबंद काय म्हणतील ही भीती खरी असते, ती मी उडवून लावत नाही. पण तिचा हिशेब भाऊबंदांशी करा. त्या मुलीच्या बोलण्या-वागण्यातून ती वसूल करू नका.

साजाबद्दल मी पूर्ण तुमच्या बाजूनं आहे. तो तुमचा आहे, तुमचं स्त्रीधन आहे. मुलानं फोनवर मागितला म्हणून डब्यातून काढून द्यायचा नसतो. त्यानं घाईच केली. पण मागितला कुणी, तर त्यानं. तिला हे ठाऊक आहे असं तुमच्या पत्रात कुठंच नाही. तेव्हा त्याचा राग तिच्यावर नको. सासूबाई हयात आहेत, साज त्यांनी तुमच्या गळ्यात घातलाय, तर आधी त्यांच्याशी बोला. तुम्हाला तो घालताना त्यांच्या मनात काय होतं ते विचारा. सिबिलही पुढं ती अंगठी मुलाच्या हातात देते, पण स्वतःच्या मनानं, तिची वेळ आल्यावर. तुम्हीही तुमची वेळ घ्या. या दिवाळीत साजाचा विषयच निघणार नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

पत्रात 'मालकांच्या माघारी' हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मी तिथंच थांबले. सिबिलच्या कडवटपणामागं आजारपण आहे. कॅन्सर उलटलाय, हे तिला माहीत आहे, पोरांना नाही. आपण फार दिवस नसणार आणि मुलगा चुकीच्या हाती जातोय, या भीतीनं ती त्या पोरीला बोलते. तुमची भीती वेगळी असेल. कर्ता माणूस गेला, मुलगा पुण्याचाच झाला, उद्या ही आली की तो सणालाही नागपूरला जाईल, असं काहीसं असेल का? असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त ते मुलाला माहीत नाही. तो समजतो आई अनारशावरून रुसलीय.

म्हणून धनत्रयोदशीच्या आधी त्याला एकट्याला फोन करा, लेक कॉलेजला गेलेली असताना. "मला भीती वाटते" एवढं वाक्य त्याच्याशी बोला. मग त्याच्याकडूनही दोन गोष्टी कबूल करून घ्या. चार दिवस त्यानं मित्रांत न रमता तिच्या आसपास राहायचं. आणि कुणी तिला टोचून बोललं, अगदी तुम्ही बोललात तरी, त्यानं तिथल्या तिथं बोलायचं. एव्हरेटला तेच जमलं नाही.

बाकी गोष्टी सोप्या आहेत. ती लेकीच्या खोलीत झोपणार असेल, तर लेकीला हुकूम सोडू नका, विचारा. सिनेमात एमीची खोली काढून घेतात आणि तिचा पारा आणखी चढतो. ती मटण खाते का, हे भाऊबीजेच्या सकाळी तांबडा रस्सा उकळत असताना नव्हे, आत्ताच विचारा. खात नसेल तर घरात त्याची चर्चा नको. पहिल्या अंघोळीला तेल-उटणं तिच्यासाठीही काढून ठेवा, लावून घ्यायचं का ते तिचं तिला ठरवू दे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना काय ओळख सांगायची तेही आधी ठरवा. मला विचाराल तर खरीच सांगा, 'ऑफिसातली आहे' असं म्हणून तिला चार दिवस खोटं वागायला लावू नका.

एक गोष्ट तुम्ही दोघींनी मिळून करा. पाडव्याला गवळी मंडळी म्हशी सजवून बाहेर काढतात, शिंगं रंगवलेली, गळ्यात माळा. नागपूरच्या मुलीनं ते बघितलं असण्याची शक्यता कमी आहे. मुलाला आणि लेकीला घरी ठेवून तुम्हीच तिला घेऊन जा. येताना गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पाजा. रस्त्यानं तिला तिच्या आईविषयी विचारा, आणि तिनं मालकांबद्दल विचारलं तर टाळू नका, सांगा.