बारा मार्कर, आठ रंग

या महिन्याच्या टपालात फ्लो सायटोमेट्रीवरची पत्रं एकदम चार आली. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: पेशींच्या अंगावर, काही पेशींच्या आतही, ओळखीच्या खुणा म्हणजे प्रतिजन असतात, त्यांना लॅबमध्ये आम्ही सरसकट ‘मार्कर’ म्हणतो. पुढे ‘सीडी’ आणि आकडा दिसेल ती अशाच मार्करची नावं. त्या मार्करना चिकटणाऱ्या अँटीबॉडीला चमकणारा रंग जोडायचा आणि पेशी एकामागून एक लेसरसमोरून सोडायच्या. कुठल्या पेशीवर कुठला रंग किती चमकला, हे मशीन नोंदवतं. एका नळीत कुठले मार्कर कुठल्या रंगात घ्यायचे, त्या जुळणीला पॅनल म्हणतात.

प्रश्न : ताई, मी नागपूरला पीएच.डी. करते. माणसाच्या रक्तातल्या नियामक टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी-रेग, मोजायच्या आहेत. मशीन तीन लेसरचं, आठ रंगांचं. पॅनल आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये मी सीडी४५, सीडी३, सीडी४, सीडी८, सीडी१४, सीडी१९, सीडी२५, सीडी१२७, फॉक्सपी३, सीडी४५आरए, सीटीएलए-४ आणि केआय-६७ असे बारा मार्कर टाकले, तर सगळीकडे लाल खुणा आल्या. काय गाळू? आणि प्रत्येक मार्करपुढे ‘जास्त, मध्यम, कमी’ असा रकाना आहे, तिथे काय भरायचं? मी सगळीकडे ‘मध्यम’च ठेवलंय.

उत्तर : सॉफ्टवेअर आधी बंद करा. वही घ्या आणि आडव्या पानावर झाड काढा. बुंध्याशी ‘सगळ्या पेशी’, मग जिवंत आणि मेलेल्या, मग टी-पेशी, त्यांतल्या सीडी४ वाल्या, त्यांतल्या टी-रेग. प्रत्येक फांदीवर एकच प्रश्न लिहायचा: इथे फाटा फुटतो तो कुठल्या मार्करमुळे? ज्या मार्करला झाडावर जागा सापडत नाही, तो यादीतून गेला.

तुमच्या बारा नावांना हीच चाळणी लावू. तुम्ही रक्तातल्या एककेंद्रकी पेशी वेगळ्या करून घेणार. त्या जवळजवळ सगळ्याच पांढऱ्या पेशी, म्हणजे सीडी४५ तुम्हाला नवीन काही सांगत नाही. गेला. सीडी३ आणि सीडी४ दोन्ही असलेल्या पेशी घेतल्या की सीडी८ कशासाठी? ‘असू दे, पुढे लागेल’ म्हणून ठेवलेला असतो. तोही गेला. सीडी१४ म्हणजे मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), सीडी१९ म्हणजे बी-पेशी. दोघांशी तुम्हाला काही देणंघेणं नाही, त्यांना फक्त बाहेर काढायचंय. मग त्यांना दोन रंग कशाला? दोघांच्या अँटीबॉडी एकाच रंगात घ्या. तो आमचा ‘कचऱ्याचा डबा’. त्यात जे चमकेल ते एका फटक्यात वगळायचं.

आता तुमच्या यादीत जे नाही, ते. मेलेल्या पेशी ओळखायचा रंग तुम्ही घेतलेलाच नाही! मेलेली पेशी कुठलीही अँटीबॉडी ओढून घेते आणि टी-रेगसारख्या थोड्या पेशींच्या कामात तर ती आकडे पार बिघडवते. सॉफ्टवेअर त्याची आठवण करून देईलच असं नाही, कारण त्याच्या दृष्टीने तो प्रतिजन नव्हे. हा रंगही कचऱ्याच्याच डब्यात बसवा. मात्र तो पक्का बसणारा, फिक्सेबल प्रकारचा घ्या. मेलेल्या पेशींसाठीचा प्रोपिडियम आयोडाइड हा रंग इथे चालत नाही. फॉक्सपी३ केंद्रकात असतो, त्याच्यापर्यंत पोचायला पेशीला भोकं पाडावी लागतात, आणि मग प्रोपिडियम सगळ्याच पेशींत शिरतं.

उरले सीडी३, सीडी४, सीडी२५, सीडी१२७, फॉक्सपी३, सीडी४५आरए आणि डबा. सात झाले. आठव्या जागेवर सीटीएलए-४ किंवा केआय-६७, दोघांतला एक. या पेशी काम करताहेत का हे बघायचं असेल तर पहिला, विभागताहेत का हे बघायचं असेल तर दुसरा. हे तुमच्या गाइडने ठरवायचं, मी नाही.

सीडी२५, सीडी१२७ आणि फॉक्सपी३ या तिघांना मात्र हात लावू नका. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये उंदरांमधल्या या पेशी सीडी२५ वरून ओळखल्या. २००१ मध्ये मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना आजारी उंदरांच्या एका वाणात फॉक्सपी३ चं जनुक बिघडलेलं सापडलं. तिघांना मिळून २०२५ चं नोबेल मिळालं. पण माणसात एक गोची आहे. साधी टी-पेशीही चेतवली गेली की सीडी२५ चढवते आणि थोडा वेळ फॉक्सपी३ सुद्धा. म्हणून तिसरा साक्षीदार लागतो: टी-रेगवर सीडी१२७ कमी असतो, हे २००६ मध्ये पुढे आलं. एकट्या सीडी२५ वर विसंबून काढलेला टी-रेगचा आकडा मी तरी मान्य करत नाही.

आता तो ‘जास्त, मध्यम, कमी’चा रकाना. तो मार्कर पेशीवर किती प्रमाणात असतो, ते तिथे भरायचं. खरी मेख तिथेच आहे. सगळीकडे ‘मध्यम’ ठेवलंत म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी सगळे मार्कर सारखेच झाले. मग ते सर्वांत तेजस्वी रंग सीडी४ ला देऊन बसेल, आणि सीडी४ ला त्याची काही गरज नाही. त्याचा आलेख काढून बघा: दोन टेकड्या, मध्ये खिंड, आणि खिंडीत मोनोसाइटचा छोटा उंचवटा, कारण त्यांच्यावरही थोडा सीडी४ असतो. फिक्या रंगातही हे दिसतं. सीडी२५ चा आलेख बघा. तिथे दुसरी टेकडीच नाही. घाटाचा उतार असतो तसा तो उतरत जातो आणि ‘जास्त’ कुठे सुरू झालं ते तुम्हालाच ठरवायचं असतं. तेजस्वी रंग अशाला द्यायचा. म्हणून सीडी३ आणि सीडी४ पुढे ‘जास्त’, सीडी४५आरए पुढे ‘मध्यम’, आणि सीडी२५, सीडी१२७, फॉक्सपी३, सीटीएलए-४ पुढे ‘कमी’ भरा.

त्याच्या शेजारी बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक जागा असते: कुठले मार्कर एकाच पेशीवर एकत्र येतात. मुलं ती हमखास रिकामी सोडतात. एका रंगाचा उजेड शेजारच्या खिडकीत, म्हणजे दुसरा रंग मोजायच्या जागेत, सांडतो. गणिताने तो वजा करता येतो, पण त्यामुळे आलेला फुगवटा जात नाही. दोन मार्कर वेगवेगळ्या पेशींवर असतील तर तो सहसा नडत नाही. एकाच पेशीवर असतील तर फिका मार्कर त्यात बुडतो. सीडी२५, फॉक्सपी३ आणि सीटीएलए-४ तिन्ही टी-रेगवरच बसतात, म्हणून तिघांना एकमेकांपासून दूर ठेवायचं. मी असं केलं असतं (मार्करपुढची नावं रंगांची आहेत): सीडी२५ बीव्ही४२१ मध्ये, सीटीएलए-४ पीई मध्ये, फॉक्सपी३ अलेक्सा फ्लुओर ६४७ मध्ये. तिघांना तीन वेगळे लेसर. सीडी१२७ पीई-साय७ मध्ये, सीडी४५आरए एफआयटीसी मध्ये, सीडी३ पर्सीपी-साय५.५ मध्ये, सीडी४ एपीसी-एच७ मध्ये आणि डबा बीव्ही५१० च्या खिडकीत. तुमच्या मशीनचे फिल्टर वेगळे असतील तर हे हलेल. आणि सीडी२५ साठी ‘एक कमी’ची नळी लावाच: बाकी सगळे रंग, फक्त सीडी२५ नाही. उतारावर रेघ कुठे मारायची ते तीच सांगते.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरहून लिहितोय. बाल्ब-सी या वाणाच्या उंदरांच्या गाठीतल्या एनके-पेशी (‘नॅचरल किलर’ पेशी) बघायच्या होत्या. सॉफ्टवेअरमध्ये ‘उंदीर’ निवडलं, एनके१.१ हा मार्कर निवडला, सगळं हिरवं आलं. मशीनवर मात्र एकही पेशी नाही. अँटीबॉडी खराब आली का?

उत्तर : अँटीबॉडी बहुधा ठणठणीत असेल. तुम्ही ‘उंदीर’ सांगितलं, कुठला ते विचारलंच गेलं नाही. एनके१.१ ची नेहमीची अँटीबॉडी सी५७ब्लॅक-६ उंदरांवर चालते, बाल्ब-सी वर चिकटत नाही. तुम्ही एनकेपी४६ घ्या, किंवा सीडी४९बी घेऊन सीडी३ वाल्या पेशी वगळा, कारण सीडी४९बी काही टी-पेशींवरही असतो.

दुसरं, गाठ फोडायला कुठलं एन्झाइम वापरता? काही एन्झाइमं पेशींबरोबर मार्करही कुरतडतात. डिस्पेज तर सीडी४ आणि सीडी८ ला चांगलंच झोडपतं. एक प्लीहा घ्या, अर्धी नुसती चाळणीतून घासा, अर्धी एन्झाइममध्ये ठेवा, दोन्हींना तेच पॅनल लावा. कुठला मार्कर फिका पडला ते एका दुपारीत कळेल.

प्रश्न : मी रुग्णालयाच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. बी-पेशींच्या ल्युकेमियात उपचारानंतर उरलेल्या पेशी शोधताना आमचं पॅनल सीडी१९ पासूनच सुरू होतं. आता कार-टी (पेशंटच्याच टी-पेशी बदलून परत द्यायचा उपचार) घेतलेले पेशंट येतात. तेच पॅनल चालेल का?

उत्तर : तेवढ्यावर नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेली नेक्सकार१९ ही कार-टी ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली, तेव्हापासून आपल्याकडे हा प्रश्न वाढणारच होता. त्या पेशींचा निशाणाच सीडी१९ आहे. उरलेली ल्युकेमियाची पेशी कधी कधी सीडी१९ टाकून देऊन वाचते. तुम्ही पहिलीच फांदी सीडी१९ वर फोडली तर ती पेशी तुमच्या आलेखात येतच नाही आणि रिपोर्ट कोरा जातो.

बी-पेशी गाठायची दुसरी वाट ठेवा: सीडी२२, सीडी२४, पेशीच्या आतला सीडी७९ए. यांतला एकटा कुणी पुरत नाही. सीडी२२ बेसोफिलवरही असतो, सीडी२४ न्यूट्रोफिलवरही. दोघांची सांगड घाला आणि सोबत सीडी१०, सीडी३४ बघा. बदललेलं पॅनल तुमच्या पॅथॉलॉजिस्टनी तपासून सही केल्याशिवाय पेशंटला लावू नका, हे तुम्हाला सांगायला नकोच.

मायलोमा या रक्ताच्या कर्करोगातही हेच घडतं. डाराट्युमुमॅब हे औषध सीडी३८ लाच चिकटतं, म्हणून ते घेतलेल्या पेशंटमध्ये सीडी३८ झाकला जातो. सीडी१३८ तर नमुना पडून राहिला तरी उतरतो. नमुन्याबरोबरच्या फॉर्मवर ‘चालू उपचार’ असा रकाना आहे का? असला, तर तो भरलेला येतो का? माझ्या नोकरीच्या काळात दहांतले सात फॉर्म तिथे रिकामे असायचे. मी शेवटी वॉर्डात फोन करून विचारायची आणि सिस्टर वैतागायच्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, रत्नागिरी. भाच्याच्या रिपोर्टात ‘सीडी४’ लिहिलेलं वाचलं. माझ्या माहितीतली सीडी म्हणजे गाण्यांची! ही कुठली?

उत्तर : सर, हिचा गाण्याशी संबंध नाही. ‘क्लस्टर ऑफ डिफरन्सिएशन’, साध्या भाषेत पेशीच्या अंगावरच्या खुणांना दिलेले अनुक्रमांक. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची अँटीबॉडी हवी तेवढी बनवायची रीत काढली. मग जो तो लॅबवाला अँटीबॉडी बनवून आपापलं नाव ठेवू लागला. टी४, लेउ-३, ओकेटी४ या तिन्ही नावांमागे खूण एकच होती. १९८२ मध्ये पॅरिसला मंडळी एकत्र बसली आणि क्रमांक द्यायचं ठरलं. तुमच्या भाच्याच्या रिपोर्टातला सीडी४ तोच.

तरी घोळ संपलेला नाही, आणि त्याचा प्रसाद मलाही मिळालाय. नागपूरच्या मुलीने हे मुद्दाम वाचावं. काही वर्षांपूर्वी मी सॉफ्टवेअरच्या शोधपट्टीत ‘सीडी४५आर’ एवढं टंकलं, खाली आलेलं पहिलं नाव निवडलं आणि पुढे गेले. मला हवा होता सीडी४५आरए. सीडी४५आर म्हणजे बी२२०, उंदरांच्या बी-पेशींसाठी वापरतात तो. त्यात क्लोनचं नाव आरए३-६बी२, म्हणजे यादीत ‘आरए’ही दिसत होतं. ऑर्डर गेली, तीन आठवड्यांनी बर्फातून बाटली आली, आणि माझ्या टी-पेशींवर काही म्हणजे काही चमकेना. दोन दिवस मी मशीनच्या लेसरला शिव्या घातल्या. मग बाटलीवरचं लेबल भिंगाने वाचलं. बाटली फ्रीजच्या दारात पडून होती. पुढे उंदरांवर काम करणारी एक मुलगी आली, तिने ती संपवली.